डुक्कर न्हाई त्ये

सांगाया लावताच म्हणा की मला. सकाळपासनं माजं हेच काम हाय — जो येतो त्यो उचलतो, उलटं करतो, पोटाखाली किंमत चिकटवलीय का बगतो आन इचारतो, आबा, हे डुक्कर केवढ्याला? तुमी निदान डुक्कर तरी म्हणला, ताई. मगाशी एक काळ्या चष्म्याचा आलता, त्यो पाणघोडा म्हणला. त्येच्या संगतीच्या बाईनं तर बटाटा म्हणलं. डुक्कर न्हाई त्ये. बैल हाय. शिंगाचा, वशिंडाचा, औताचा बैल. हसा, हसून घ्या, हसायला हितं कर न्हाई. आन ठिवा त्येला खाली, व्हता तितंच. सुपारी त्येच्या उजव्या अंगाला आली पायजे — त्येच्या उजव्या, तुमच्या न्हवं — हां, तशी. इकायचा न्हाई त्यो. बाकी टेबलावरचं काय पायजे ती उचला. कानातली डुलं हायेत, किल्लीला अडकवायची मांजरं हायेत, आन ती एकशिंगी घोडी तर पाटीभर पडल्यात. कपाळाला एकच शिंग, शेपूट जांभळं, अंगाला सात रंग — असलं घोडं कुणाच्या बापानं बगितलंय? पण त्येला समदी म्हणत्यात, अगं किती गोड. माज्या बैलाची दोन शिंगं न्हाईत, तर डुक्कर.

समीक्षा आत हाय. माजी नात ती, निलेशची पोरगी. निलेश ह्या बंगल्याची राखण करतो. मालक मुंबईला असत्यात, तुंगार्लीची हवा चांगली म्हणून बंगला बांधला आन हवा खायाला निलेशला ठिवला. गाडी ठिवायची खोली मोकळीच व्हती, ती त्येंनी पोरीला वापराया दिली. तितं तिचा शनवार-आयतवारचा क्लास चालतो. तळं बगून झालं, चिक्की घेऊन झाली, मंग ही तुमच्याकडची माणसं म्हणत्यात, चला, आता मातीत हात घालू. हातमोजं घालून. — न्हाई, तुमाला न्हाई म्हणलं, तुमी शान्या दिसताय. तुमच्या नावाचं मांजार भट्टीत हाय, टिंग वाजल्याबिगर ती दार उघडायची न्हाई, मी सांगितलं तरी उघडायची न्हाई. बसा त्या खुर्चीत. त्येच भट्टीत आतल्या नव्या इद्यार्थ्याचं पण सामान भाजतंय, त्येच्यापायी ह्यो उशीर. लय सावकाश काम त्येचं. सकाळधरनं बसलाय, एक शिंग करतो, मोडतो, पुन्यांदा करतो. — वाकून बगू नका, ताई. पाठच दिसंल नुसती, आन पाठ काय बगण्याजोगी न्हाई.

बरं, ऐका. मधी बोलू नका पण, माजा धागा तुटतो. पोळा असतो न्हवं — आमच्याकडं भादव्याच्या आवसंला असतो. आमच्या वडिवळ्यात आता बैल कुणाकडं हायेत? ज्येंच्याकडं शर्यतीचं हायेत त्येंच्याकडं. ती तर बदाम खात्यात आन पंख्याखाली झोपत्यात, त्येंचा रोजच पोळा. बाकीच्यांनी मातीचा बैल करायचा, पाटावर मांडायचा, पुरणपोळीचा निवद दावायचा आन दुसऱ्या दिशी पाण्यात सोडायचा. माती मातीला जाती. दरसाल मी वढ्याच्या कडंची माती आणायचो. काळी, चिकाट, हातात घेतली की लोण्यावाणी. औंदा गेलो तर वढ्याच्या आडवी भिंत. भिंतीवर तारा, तारांवर पाटी, पाटीवर मोठा बंगला काढल्याला आन बंगल्याम्होरं निळंशार पाणी. म्हंजे आदी वढा बुजवायचा आन मंग त्येच जागी पाण्याचा खड्डा करायचा. शिकल्याली माणसं हायेत, त्येंचा काय तरी इचार असंल.

मंग नंदाबाई म्हणली — नंदाबाई माजी बायकू — म्हणली, कामशेतच्या बाजारात मिळत्यात की आयतं बैल. गेलो. मिळत्यात. पांढरं फेक, एका साच्यातलं, एका फळीवर दोगं चिकटवल्यालं. जुळ्यावाणी. डावा कंचा आन उजवा कंचा, ब्रह्मदेवाला सांगता यायचं न्हाई. आन मला जोडी नकोच व्हती, मला एकच पायजे व्हता. दुकानदार म्हणतो, आबा, एक कसा देऊ, फळी तोडू का? म्हणलं नको बाबा, तोडणारी लय हायेत, तू नको त्यात येऊ.

एकच का, ती मागनं सांगतो. न्हाईतर न्हाई सांगत. त्येचा हितं काय संबंध न्हाई.

तर घरी येऊन बसलो तोंड पाडून. समीक्षा म्हणली, आबा, माझ्याकडची क्ले घ्या ना. पालीमर का काय म्हणती ती. क्लासमधल्या बायांनी उरवल्याल्या वड्या — रंगीत साबणावाणी. हातात घेतली तर दगड. वास घेतला तर नव्या चपलंचा. म्हणलं पोरी, ही माती कसली, हिला मातीचा वास न्हाई. ती म्हणती, आबा, ही माती नाहीच, हे प्लास्टिक असतं. मंग माती कशाला म्हणता? तर म्हणती, सगळेच म्हणतात. आता समदेच म्हणत्यात म्हणल्यावर ईशय संपला.

पोरगी दाखवणार व्हती, कसं करायचं ती. मी म्हणलं, तू जलमायच्या आदीपासनं बैल करतोय मी, मला कसं करायचं ती सांगू नको, तू जा तुज्या कामाला. ती गेली. आता मातीचा बैल करायचा म्हंजे काय करत्यात? माती भिजवत्यात. तडकू नाय म्हणून भाताचं तूस घालत्यात, चिमूटभर शेण घालत्यात. घातलं. काय चुकलं? लेकाची पिढ्यानपिढ्याची रीत हाय. पाणी वतलं तर ती माती पाणी पिईना, नुसती हातातनं सुळ्ळकन निसटायची, माशावाणी. तूस काय आत जाईना. मी पण हट्टाला पेटलो, दगडानं ठेचून ठेचून घातलं. शेणाचं तर इचारू नका. पोरगी सांजच्याला आली, तिनं त्यो गोळा बगितला, वास घेतला, आन मोरीत जाऊन हात धुत बसली. लय येळ धुतलं. तरी मी त्येचा बैल केलाच, आन ही माती भाजत्यात एवढं पोरीकडनं ऐकल्यालं, म्हणून चुलीच्या आरात ठिवला भाजाया. मातीचा गडवा भाजतो तसा. काय सांगू ताई — असला काळा धूर निघाला, असला वास सुटला, खालच्या आळीची माणसं पळत आली, वाटलं कुणाची गाडी पेटली. नंदाबाईनं ती चूल दोन दिस शेणानं सारवली. अजूनबी भाकरीला वास येतो म्हणती. मला न्हाई येत.

ह्यो दुसरा. ह्याला पाणी न्हाई, तूस न्हाई, शेण न्हाई — पोरीनं शपथच घातली. हातात मळत बसायचं नुसतं, हाताच्या उबंनं मऊ व्हती ती. आता माजं हात बगा, ह्या हातांना ऊब कुटली, हे औताच्या रुमण्यावर घट्टं पडल्यालं हात. मळून मळून बोटं वाकडी झाली. आन पांढऱ्या वड्या दोनच उरलत्या, पांढरं समदं बाया घोड्यांना घालत्यात. मी काय केलं, तर आदी गोंडं केलं. शिंगाला लाल गोंडं पायजेत न्हवं पोळ्याला? आधी बैल करायचा आन मंग गोंडं, एवढी अक्कल मला हाय — पण लाल वडी हाताला आदी लागली. हौस बगा माजी. आन त्येच लाल हातानं पांढरं मळाया घेतलं. झालं. धुतल्या कापडावर पान थुकावं तसं. जेवढं मळतोय तेवढं गुलाबी. पाखऱ्या माजा चांदण्यावाणी पांढरा, आन हितं बगा, ह्यो नवरीवाणी लाजलाय.

पाखऱ्या म्हंजे — आमचा एक व्हता बैल. त्येचं ऱ्हाऊ द्या.

पाय. आता पायाचं सांगतो, म्हंजे पुन्यांदा पाणघोडा म्हणायला नको. पोरगी म्हणली, पायात तार घाला, नाहीतर बसतील. म्हणलं, माज्या बैलाला तार लागत न्हाई, त्यो काय दवाखान्यातनं आलाय का. चांगलं लांब, सडसडीत पाय केलं. उभा केला. बगतोय तर सावकाश, लय सावकाश, म्हातारा माणूस खाली बसतो न्हवं तसा — खाली, खाली, खाली. पोट भुईला लागलं. मंग पाय तोडलं, आखूड केलं. मंग उभा ऱ्हायला. ऱ्हायला, पण कसा ऱ्हायला ती तुमी बगताच हाय.

मंग त्येला वाळवायला नको? आपली रीत — उन्हात. पत्र्यावर ठिवला. पोरगी क्लासला आल्याली, मना करायला कुणी न्हाई. भादव्याचं ऊन बगा, चटका लय. एक दिस ठिवला, दाबून बगितला — मऊ. दुसऱ्या दिशी अजून मऊ. तिसऱ्या दिशी वशिंड मांडीवर आलं. म्हणलं ही कसली जात, उन्हात वाळायचं सोडून पाघळती. आन तेवढ्यात कावळा आला, डावं शिंग उचललं आन गेला. त्येला वाटलं असंल, खायाचं हाय. त्यो पण फसला, मी एकटाच न्हाई. मंग मी उजवं शिंग काढून टाकलं — एका शिंगाचा ठिवला तर त्येला घोडं म्हणलं असतं तुमी लोकांनी.

सांजच्याला पोरीनं माज्या हातातनं हिसकावूनच घेतला. म्हणली, आबा, आता तुम्ही ह्याला हात लावायचा नाही. पिशवीत घालून हितं आणला, भट्टीत भाजला. जाताना म्हणती, आबा, मान वाकडी झालीय ह्याची, उजवीकडे गेलीय, सरळ करू का? म्हणलं, खबरदार. शिंग गेलं, पाय गेलं, रंग गेला, एक मान तेवढी माज्या मनासारखी झालीय. तिला बोट लावशील तर बग.

न्हाई ताई, वाकडी न्हाई. वळवल्याली हाय. फरक असतो.

आता पोळ्याच्या दिशी. पाट मांडला, पाटावर तांदूळ, तांदळावर ह्यो, आन ह्येच्या उजवीला सुपारी. नंदाबाई पुरणाचं ताट घेऊन आली, बगितलं, आन उभीच ऱ्हायली. म्हणती, आवो, पुरणाचा निवद डुकराला दावायचा का? उभ्या जलमात कवा थट्टा न करणारी बाई. वाट बगत व्हती जशी. म्हणलं, दाव मुकाट्यानं, तुज्या हातच्या पोळ्या मी चाळीस-पन्नास वर्सं खातोय, मी कवा इचारलं का ह्ये काय हाय म्हणून. मंग दावला.

सुपारी? ती खायाला ठिवलीय. तंबाखूच्या पिशवीत असती माज्या, हितं टेबलावर ठिवली चुकून. — दात न्हाईत खरं. तुमचं ध्यान बारीक हाय, ताई. व्हय, तीच सुपारी. पोळ्याची. नंदाबाई म्हणती दरसाल नवी घ्यावी, मी म्हणतो जुनीला काय झालंय, किडली का? पूजंला जो हजर नसतो न्हवं, त्येच्या नावानं सुपारी मांडत्यात. बायकू माहेरी असली तर तिच्या नावाची मांडत्यात. तसं. आता एवढं सांगितलंच हाय तर —

आमच्याकडं वारंगुळा असायचा. तुमाला ठाऊक नसंल. बैल एकाच्यानं दोन पोसवत न्हाईत; मंग एक माजा, एक तुजा, दोगांची मिळून जोडी. आज तुज्या भातखाचरात, उद्या माज्या. चिखलणी, पेरणी, गाडी, समदं वाटून. माजा पाखऱ्या डावीला, त्येचा राघ्या उजवीला. त्येचा म्हंजे — वरल्या आळीला एक माणूस हाय. नाव न्हाई घेत मी त्येचं. लय वर्सं न्हाई घेतलं, आता तुमच्यासाटनं काय घेतो. तर ती दोन बैल वासरं असल्यापासनं एका जुवाखाली. पाखऱ्याची एक खोड व्हती, चार पावलं गेला की मान उजवीकडं वळवायचा, राघ्या येतोय का बगायचा. चिखलात पोटापत्तूर असला तरी बगायचा. ह्यो वरल्या आळीचा म्हणायचा, तुज्या बैलाचं लगीन लाव बाबा माज्या बैलासंगट. हसायचो आमी. एका पानातली तंबाखू खायाचो. पोळ्याला देवळाला फेरा घालायचा तर जोडी एक, झुली दोन, आन वाजंत्री एकाच्याच पैशात. बरं चालल्यालं व्हतं. बऱ्याला डोळं असत्यात.

समीक्षा बालवाडीत जायाची तवाची गोष्ट. पाऊस लागल्याला, रोपं तयार, मी पाखऱ्याला घेऊन त्येच्या खाचरावर गेलो — पयली पाळी त्येची व्हती. बगतो तर खाचरात फटफटतंय. मशीन. त्येच्या पोरानं, सुहासनं, पावर टिलर आणल्याला. आन ह्यो माणूस बांधावर छत्री धरून उभा, माज्याकडं बगायला तयार न्हाई. म्हणलं, राघ्या कुटं हाय? तर भुईकडं बगून म्हणतो, इकला. चाकणच्या बाजारात. शनवारी. मी शुक्रवारी त्येच्या ओट्यावर बसून च्या पिलतो, ताई. शुक्रवारी. तवा तोंड न्हवतं का? आवो, वारंगुळ्यात एक रीत असती, बैल इकायचा असंल तर जोडीदाराला आदी सांगायचं. लेखी न्हाई कुटं. लेखी कशाला लागतं? तू तुजा बैल इकतोस तवा माजा निम्मा बैल इकतोस — एका बैलाचं काय करत्यात? लोणचं?

तरी मी पाखऱ्याला म्हागारी वळवला. घरी आलो. दुसऱ्या दिशी डेअरीवर गाठ पडली, दुदाच्या रांगंत. तितं म्हणलं, गड्या, सांगायचं तरी. एवढंच. ह्येला काय झालं कुणास ठाऊक — शरम वाटली का सुहास म्हागं उभा व्हता म्हणून — समद्या रांगंम्होरं मोठ्यानं म्हणला, "काय सांगायचं? तुजा बैल वढत तरी व्हता का? माज्या राघ्याच्या जिवावर चालायचा. जसा मालक तसा बैल."

आता मला काय पण म्हणा. मी आडमुठा हाय, नंदाबाई पण म्हणती. पण पाखऱ्या वढत न्हवता? पाखऱ्या? त्येच्या मानंला राघ्यापरास मोठा घट्टा व्हता, हात लावून बगायचा. रांगंतली माणसं हासली. मी किटली घेतली आन दूद न घालताच घरी आलो. तवापासनं बोलणं बंद. देवळाम्होरच्या पाराच्या ह्या टोकाला मी बसतो, त्या टोकाला त्यो. दोगं रोज बसतो. न बसून सांगतो कुणाला — पार काय त्येच्या बापाचा न्हाई. बायकांचं मातुर चालूच हाय. नंदाबाई त्येच्या घरी जाती, वाटीभर कालवण घेऊन येती, आन मला सांगती, त्येंच्याकडं पण पोळ्याला एकच बैल असतो पाटावर. आन डाव्या अंगाला रिकामं. म्हणलं, मला कशाला सांगती. मी इचारलं का. — कसल्या कालवणाची वाटी व्हती, तेवढं सांग.

पाखऱ्याचं? काय व्हायाचं. कामशेतकडच्या कैलासचा एक बैल आणला, उजवीला जुपला. पाखऱ्यानं चार पावलं टाकली, मान वळवली, बगितलं, आन बसला चिखलात. चाबूक मोडला माजा, न्हाई उठला. मंग काय, खात बसला नुसता. गोठ्यात बांधला तरी डावीकडच्या भिंतीला खेटून उभा ऱ्हायचा, उजवीला एका बैलाची जागा सोडून. मी म्हणलं, सर की मधी, समदा गोठा तुजा हाय. कशाचा सरतो. नंदाबाई म्हणायची, इका त्येला, फुकटचा पोसताय. म्हणलं, इकायचं काम आमच्यात न्हाई, ती वरल्या आळीचं. गेला मंग एक दिस. बैल मरत्यातच. मला काय त्येची आठवण-बिठवण येत न्हाई.

धूळ लय उडती हितं रस्त्याची. डोळ्यात जाती.

हां, तर पाण्याचं ऱ्हायलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिशी ह्येला घेऊन धरणावर गेलो, सोडायला. मातीचा बैल पाण्यात ठिवला की बगत बसायचं — आदी कान जात्यात, मंग शिंगं, मंग पाठ, पाणी गढूळ व्हतं आन झालं, उठून घरी यायचं. ह्येला ठिवला. बसलो. ह्यो पण बसला. पाण्याखालनं माज्याकडं बगतोय, तसाच लाजल्याला, मान उजवीकडं. एक इडी झाली, दोन झाल्या. कान पण जाईना. पाय दुकलं माजं, आलो सोडून. घरी पोरीला म्हणलं, तुजी माती बेवारशी हाय, पाणी पण घेईना तिला. पोरगी म्हणली, आबा, ती कधीच विरघळणार नाही. आदी सांगायला काय झालतं? तर म्हणती, तुम्ही सांगू दिलंत का.

मंग पाणी उतरलं धरणाचं. आन एक दिस पोरगी सांजच्याला घरात आली ती ह्येला हातात घेऊनच. पुसून, पदरानं पुसावा तसा लख्ख. म्हणलं, कुटं घावला? म्हणती, वरल्या आळीच्या आजोबांनी दिला, शेरडं घेऊन गेले होते कडेला. आन दिला तवा काय म्हणला त्यो — पोरीनं जसंच्या तसं सांगितलं, मी तीनदा इचारलं म्हणून तीनदा सांगितलं. म्हणला, "पोरी, तुज्या आज्याचा पाखऱ्या घे. पाण्याच्या कडंला एकटाच उभा व्हता."

आता तुमी मला सांगा. बायकुनं डुक्कर म्हणलं. कावळ्याला खायाचं वाटलं. मुंबईचं लोक आलं, पुण्याचं आलं, शिकल्यालं, गाडीतनं फिरणारं, एकाला बैल दिसला न्हाई. आन त्या माणसानं, मोतीबिंदू झाल्याल्या डोळ्यानं, शिंग न्हाई, पाय न्हाई, रंग गुलाबी — कशावरनं वळखलं? मानंवरनं. दुसरं काय हाय ह्येच्यात वळखण्याजोगं.

पण ही काय माफी न्हाई. नंदाबाई म्हणती, झालं की आता, मिटवा. कसं काय मिटवा? समद्या रांगंम्होरं बोललेला शबुद हाय, त्यो धरणाच्या कडंला पोरीच्या कानात कसा मिटंल? घावल्याली वस्तू परत दिली, चोर न्हाई एवढंच सिद्ध झालं. आन पोरीला इचारतो कसा, ही कसली माती, विरघळत न्हाई ती? मला पण करायची हाय. झालं, पोरीनं बोलावलं. आज सकाळच्या वडापनं आलो आमी. संगट न्हाई — मी म्होरं डायवरजवळ, त्यो म्हागं दुदाच्या किटल्यात. उतरलो एकाच जागी, त्येला माजा इलाज न्हाई, तुंगार्लीला दुसरा रस्ता न्हाई. रस्त्याच्या ह्या कडंनं मी आन त्या कडंनं त्यो. पोरगी म्हणली, आबा, आत बसा. म्हणलं, त्यो माफी मागंपत्तूर त्या खोलीत मी पाय ठिवायचा न्हाई, मी भाईर टेबल राखतो. मला काय बगायचं न्हाई त्यो काय करतोय ती. खिडकीतनं दिसतं म्हणून दिसतं.

व्हय, ताई. त्योच. नवा इद्यार्थी.

पाय आखूड ठिवल्यात त्येनं, आदीच. तार पण घातली. पोरीचं ऐकतो, बगा — माजं ऐकलं असतं एकदा. रंग तांबूस घेतलाय, राघ्या तांबूसच व्हता, तेवढं ध्यानात हाय त्येला. शिंगं मातुर जमंनात, म्हणून पोरीनं अंग तेवढं आदी भट्टीत घातलं. पण मानंचं काय केलं, ती काय मला हितनं दिसलं न्हाई, पाठ आडवी आली त्येची. सकाळपासनं आडवी येतीय.

वाजलं. ऐकलं का? टिंग. जावा, तुमचं मांजार निघालं. — ताई, थांबा वाईच. आत गेल्यावर मांजार घ्याल न्हवं, तवा त्या तबकात शेजारी बगा, तांबूस काय तरी असंल. डुक्कर म्हणू नका, बैलच समजा. त्येची मान कुणीकडं हाय ती बगून या. सरळ हाय, का डावीकडं. डावीकडं म्हंजे — त्येच्या डावीकडं, तुमच्या न्हवं. मला काय पडलेलं न्हाई, आपलं इचारून ठिवलं. जावा.

आला? बगू मांजार. झ्याक हाय. मिशा मोडतील, जपा.

आन?

नीट बगितलं? त्येच्या डावीला? भट्टीत लवली असंल. ऊब लागली की लवती ही माती, मला ठाऊक हाय. — पोरगी म्हणली, आजोबांनी मुद्दाम वळवली? तीनदा सांगून वळवली? बरं. बरं.

ती सुपारी द्या हिकडं. न्हाई, न्हाई टाकायची, पिशवीत ठिवतो. तितं जागा लागंल आता, टेबल लहान हाय. आन ह्येला वाईच अलीकडं सरकवा, मानंला मान लागंल न्हाईतर. असं. जावा तुमी आता, तुमचं मालक गाडीत हारन वाजवत्यात मगापासनं. न्हाई, हसत न्हाई मी, धूळ हाय. आन ध्यानात ठिवा, मिटलं न्हाई काय. बैलानं मान वळवली म्हंजे माणसानं माफी मागितली असं व्हत न्हाई. ती तोंडानं मागायची असती, रांगंम्होरं, डेअरीवर, मी किटली घेऊन उभा असताना. अजून मागितली न्हाई त्येनं. हनुमंतानं.